उन्हाळी संशोधनाचे अर्ज दिवाळीत भरायचे असतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की बीएस्सीच्या वर्गांतून दरवर्षी एक प्रश्न येतो : सुट्टीत कुठे संशोधनाचे काम करायला मिळेल का? विचारणारा विद्यार्थी बहुधा मनापासून विचारत असतो. पण तोवर देशातल्या बहुतेक उन्हाळी संशोधन कार्यक्रमांची अर्जांची मुदत कधीच उलटून गेलेली असते. तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे घेतले जातात, बाकीच्या मोठ्या संस्थांचे बरेचसे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. मे महिन्यात प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचे असेल तर तयारीला गणपतीतच लागायला हवे. महाराष्ट्रातल्या पदवी महाविद्यालयांत, विशेषतः मोठ्या शहरांबाहेर, ही साधी गोष्ट अजून पोहोचलेली नाही. गुणवत्ता असूनही मुले मागे राहतात त्याचे पहिले कारण हेच आहे, असे आमचे ठाम मत आहे. म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे विद्यार्थी, शिक्षक आणि प्राचार्य या तिघांसाठीही थोडे तपशिलात लिहीत आहोत.

आधी कुठे काय मिळते ते. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तिघी मिळून ‘समर रिसर्च फेलोशिप’ चालवतात. निवड झालेल्याला एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करायला मिळते, विद्यावेतनही मिळते. याच योजनेत महाविद्यालयीन शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे फार थोड्या शिक्षकांना ठाऊक आहे. एक शिक्षक असे दोन महिने काढून आला की त्याच्या वर्गातले पाच विद्यार्थी पुढच्या वर्षी अर्ज करतात, म्हणून हा भाग अधोरेखित करावासा वाटतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्रॅम’, पुण्यात आयुका या खगोलविज्ञानाच्या आंतरविद्यापीठ केंद्राचा ‘व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम’, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राची उन्हाळी फेलोशिप ही आणखी काही नावे.

पात्रतेच्या अटी मात्र विषयागणिक आणि संस्थेगणिक वेगळ्या असतात. काही कार्यक्रम एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या किंवा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच घेतात. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तिथे अर्ज करतो, नकार येतो, आणि आपण या कामाचेच नाही असा समज करून घेतो. त्याने पात्रतेचा परिच्छेद वाचलेला नसतो, एवढेच. पहिल्या-दुसऱ्या वर्षासाठी मुद्दाम बनवलेले कार्यक्रम आहेत, ते शोधावेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये सुरू केलेला ‘नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स’ पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांनाच घेतो आणि शिबिरांपुढे प्रकल्पाच्या रूपाने संबंध चालू ठेवतो. जवाहरलाल नेहरू केंद्राचे रसायन व जीवशास्त्राचे ‘पोसे’ आणि ‘पोबे’ हे कार्यक्रम बीएस्सीच्या विद्यार्थ्याला लागोपाठच्या उन्हाळ्यांत बोलावतात. गणितासाठी १९९३ पासून चालू असलेला ‘एमटीटीएस’ (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा कार्यक्रम आहे. तो चार आठवड्यांचा असतो. त्यात संशोधन होत नाही, पण पाठ केलेली सिद्धता बाजूला ठेवून स्वतःची रचायला शिकवतात, आणि गणितात त्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

परदेशाबद्दल दोनच वाक्ये, कारण त्याविषयी गैरसमज फार. अमेरिकेतल्या ‘आरईयू’ या पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधन योजनेचा पैसा तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडून येतो आणि तो फक्त तिथल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना मिळतो, तेव्हा भारतातून तिथे अर्ज भरण्यात वेळ घालवू नये. जर्मनीच्या ‘डाड’ संस्थेची ‘वाइज’ शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे, पण तिच्यासाठी तिथल्या प्राध्यापकाचे होकारपत्र आधी हातात असावे लागते.

आता अर्जाकडे. गुणपत्रिका सगळेच जोडतात. निवड करणारा थांबतो तो दीडशे-दोनशे शब्दांच्या टिपणावर, ज्यात तुम्हाला काय करायचे आहे आणि का, हे लिहायचे असते. ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे’, ‘देशासाठी काही करून दाखवायचे आहे’ अशा वाक्यांनी सुरू होणारी शेकडो टिपणे येतात आणि वाचणाऱ्याला त्यांतून काहीच कळत नाही. टिपणात तीन गोष्टी असाव्यात : तुम्ही हाताने केलेले एखादे काम, त्यात अडलेली जागा, आणि त्यातून पडलेला प्रश्न. रसायनाचा विद्यार्थी असे लिहू शकतो : ‘कोळशाच्या भुकटीवर मिथिलीन ब्लूचे अधिशोषण मोजले. लँगम्यूरच्या समीकरणासाठी दोन्ही राशींचे व्यस्तांक घेऊन आलेख काढला, तेव्हा रेषेचा उतार सर्वांत विरल द्रावणाच्या एकाच बिंदूवर ठरत होता. लहान संख्येचा व्यस्तांक घेतला की तिच्यातली चूक फुगते, हे नंतर लक्षात आले. समीकरण दुसऱ्या रूपात मांडल्यावर उत्तर बदलले. पृष्ठभागाच्या मोजमापांत अशा चुका कशा हाताळतात ते शिकायचे आहे.’ पन्नासेक शब्दांत एवढे येते. हे काम नेहमीच्या प्रात्यक्षिकातलेच आहे, त्याला महागडे उपकरण लागलेले नाही. पण हा मुलगा आकड्यांकडे बघतो हे वाचणाऱ्याला लगेच समजते. टिपण स्वतःच लिहावे. संगणकाकडून लिहून घेतलेला गुळगुळीत मजकूर आता ओळखू येतो, आणि मुलाखत झाली तर त्यातलाच एखादा शब्द धरून प्रश्न विचारला जातो.

शिफारसपत्राविषयी शिक्षकांना थोडे स्पष्ट सांगायला हवे. बहुतेक ठिकाणी आता हे पत्र शिक्षकाने ऑनलाइन भरायचे असते. विद्यार्थी अर्जात शिक्षकाचा ईमेल देतो, संस्थेकडून दुवा जातो, तो स्पॅममध्ये पडतो किंवा शिक्षक उघडतच नाहीत अशा जुन्या पत्त्यावर जातो. मुदत संपते. अर्ज अपुरा ठरतो आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ईमेल देण्याआधी शिक्षकांना विचारावे की कोणता पत्ता रोज पाहता. अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी दुवा आला का ते विचारावे. मुदतीच्या चार दिवस आधी पुन्हा एकदा आठवण करावी. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. शिक्षकांना किमान तीन आठवडे आधी सांगावे आणि सोबत एक पान द्यावे : कोणता कार्यक्रम, मुदत कोणती, आपले टिपण, गुण, आणि त्यांच्या हाताखाली केलेली दोन-तीन कामे. वर्गात ऐंशी मुले असताना मागच्या वर्षी कोणी कोणते प्रात्यक्षिक नीट केले, हे शिक्षकाच्या लक्षात राहीलच असे नाही.

आणि शिक्षकांनी? ‘विद्यार्थी हुशार, मेहनती व नम्र आहे’ हे वाक्य आठ जणांना तसेच्या तसे पाठवले तर आठही पत्रे वाया जातात, कारण एकाच महाविद्यालयाचे अर्ज वाचणाऱ्याच्या समोर शेजारी-शेजारी येऊ शकतात. पत्रात किती काळ ओळखतो, कोणत्या विषयात शिकवले, वर्गात किती विद्यार्थी आणि त्यांत याचा क्रम साधारण कितवा, हे लिहावे. एक प्रसंग लिहावा : ब्युरेटची वाचने जुळेनात तेव्हा याने प्रमाणित द्रावण पुन्हा करून पाहिले, किंवा सांख्यिकीच्या तासाला पुस्तकातल्या उदाहरणातली चूक दाखवली. काय अजून जमत नाही, तेही एका ओळीत लिहिले तर बाकीच्या स्तुतीवर विश्वास बसतो. अशा पत्राला पाऊण तास लागतो. दिवाळीच्या सुट्टीत चार मुलांसाठी तीन तास काढणे शिक्षकाला अवघड नाही.

जाहीर कार्यक्रमांखेरीज दुसरी वाट म्हणजे शास्त्रज्ञाला थेट ईमेल. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था, नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था अशा राज्यातल्याच संस्थांमध्ये प्रकल्प-विद्यार्थी घेण्याचे आपापले नियम आहेत. ते संकेतस्थळावर आधी वाचावेत. मग त्या गटाचे गेल्या तीन वर्षांतले दोन शोधनिबंध काढून निदान सारांश आणि आकृत्या पाहाव्यात. ईमेल दीडशे शब्दांच्या आत, विषयाच्या ओळीत वर्ष, विषय आणि तारखा : ‘बीएस्सी द्वितीय वर्ष, भौतिकशास्त्र : १ जून ते ३१ जुलै, प्रकल्पासाठी विनंती’. मजकुरात कोणत्या निबंधातला कोणता भाग कळला आणि कोणता नाही, काय येते, आणि एक पानी परिचय जोडलेला. दोनशे जणांना एकच ईमेल पाठवणाऱ्याला उत्तर येत नाही, कारण तो मजकूर कोणालाच उद्देशून नसतो. आठवड्याला चार-पाच, प्रत्येक वेगळा, हे प्रमाण बरे. दहा-बारा दिवसांत उत्तर नाही आले तर एकदाच आठवण करावी. तिथून पुढे गप्प राहावे.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहायला हवे. ‘रिसर्च इंटर्नशिप’च्या नावाने नोंदणी शुल्क घेऊन चार व्हिडिओ आणि रंगीत प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. काही सरकारी संस्थाही प्रशिक्षणार्थींकडून शुल्क घेतात, हे खरे. पण ते संस्थेच्या संकेतस्थळावर जाहीर असते आणि संस्थेच्याच खात्यात भरायचे असते. व्यक्तीच्या खात्यात पैसे मागितले, मार्गदर्शकाचे नाव सांगितले नाही किंवा मुलाखतीशिवाय तासाभरात ‘निवड’ झाली, तर ते सोडून द्यावे.

खऱ्या कार्यक्रमातही पैशाची एक अडचण असते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. विद्यावेतन पुष्कळ ठिकाणी काम संपून अहवाल दिल्यावर हातात येते. प्रवासखर्च मिळत असला तर तोही तिकिटे सादर केल्यावर. म्हणजे जाण्याचे भाडे, वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांचे जेवण विद्यार्थ्याने स्वतः उभे करायचे. शेतमजुराच्या घरातली मुलगी निवड होऊनही इथेच थांबते. महाविद्यालयांनी यासाठी परतफेडीच्या उचलीचा छोटा निधी ठेवावा : निवडपत्र दाखवले की उचल द्यायची, विद्यावेतन जमा झाले की परत घ्यायची. माजी विद्यार्थी संघांना हे सहज पेलेल, आणि तोच पैसा दरवर्षी फिरत राहतो. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाचे, चालू असलेले बँक खाते आधीच तपासून ठेवावे. वडिलांच्या खात्यात विद्यावेतन जमा करायला सांगून अनेकांनी विनाकारण महिने घालवले आहेत. महाविद्यालयाचे ना हरकत पत्र आणि बोनाफाइड परीक्षेआधीच काढून ठेवावे, कारण मे महिन्यात कार्यालयात कोणी भेटेल याची खात्री नसते.

परीक्षांच्या तारखा हा या साऱ्यातला सर्वांत मोठा अडसर आहे. संस्थांचे आठ आठवडे बहुधा मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतात, आणि आपल्या विद्यापीठांच्या सम सत्राच्या परीक्षा कधी एप्रिलमध्ये संपतात, कधी जूनपर्यंत रेंगाळतात. निवड झाल्यावर विद्यार्थी परीक्षेबद्दल बोलत नाही, कारण जागा जाईल अशी भीती असते. मग रुजू होऊन दहा दिवसांनी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी परत येतो आणि चालू प्रयोग मोडतो. हे टाळायला होकार कळवतानाच संभाव्य तारखा लिहून द्याव्यात. बहुतेक मार्गदर्शक दोन आठवडे मागेपुढे करायला तयार होतात. मध्येच उठून जाणे मात्र त्यांना चालत नाही.

प्रत्यक्ष आठ आठवड्यांचा हिशेब मांडून पाहावा. पाच दिवसांच्या आठवड्याने चाळीस दिवस. ओळखपत्र, सुरक्षा-प्रशिक्षण आणि गटाची रीत कळण्यात पहिले पाच जातात. अहवाल व सादरीकरणाला शेवटचे पाच. सामायिक उपकरणाची पाळी येईपर्यंतची वाट, बंद पडलेले यंत्र, संपलेले रसायन यांत आणखी पाच धरावेत. उरतात पंचवीस. ज्या प्रश्नाचे उत्तर पंचवीस दिवसांत मिळू शकते, तोच प्रश्न घ्यावा. ‘कर्करोगावर औषध शोधणे’ हा प्रकल्प होत नाही. ‘या तीन संयुगांची दिलेल्या दोन द्रावकांतली विद्राव्यता मोजणे’ हा होतो. पेशीसंवर्धनासारखे तंत्र निर्जंतुक हाताने जमायलाच दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधीच जमवलेल्या माहितीचे विश्लेषण मिळाले तर ते कमी प्रतीचे समजू नये. सैद्धांतिक गटांत वाचन-प्रकल्प मिळतो. तिथे रोज दोन पाने समीकरणे स्वतः सोडवून लिहिली, तर शेवटी हातात भक्कम काही उरते.

पहिल्या दिवसापासून बांधीव वही असावी, पानांना क्रमांक असावेत आणि नोंद शाईने, जागच्या जागी करावी. चुकले तर एक रेघ मारावी, पान फाडू नये. सुट्या कागदावर टिपून संध्याकाळी वहीत उतरवण्याच्या सवयीने सर्वांत जास्त घोळ होतात, कारण उतरवताना ‘विचित्र’ वाटलेला आकडा हळूच गळतो आणि बऱ्याचदा तोच महत्त्वाचा असतो. संगणकावरच्या फायलींच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. त्या आपोआप क्रमाने लागतात. मूळ मोजमापाच्या फायलीला हात लावू नये, सगळी आकडेमोड प्रतीवर करावी.

काही चुका प्रत्येक उन्हाळ्यात पुन्हा होतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शोषकता दोनच्या वर गेली तरी ती खरी मानली जाते. तिथे यंत्रातला भरकटलेला प्रकाश वाचन बिघडवतो, म्हणून द्रावण विरल करून मोजायला हवे. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, करताना डीएनएऐवजी नुसते पाणी घातलेली नळी ठेवत नाहीत; मग पट्टा दिसला तर तो नमुन्याचा की दूषित रसायनाचा, हे सांगता येत नाही आणि आठवड्याची जेल्स रद्द होतात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उपकरणाचे शून्य रोज तपासले जात नाही. एकदाच मोजून सरासरी काढल्यासारखे लिहिले जाते. किमान तीन वेळा मोजावे, आणि अहवालातल्या आलेखावर मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या उभ्या रेघा असतील तर त्या कशाच्या व किती वाचनांवरच्या, ते लिहावे. ब्युरेट ०.०५ मिलिलिटरपर्यंत वाचता येते. तिच्यावरून काढलेल्या उत्तरात दशांशचिन्हापुढे सात अंक आले, तर वाचणारा तिथेच पान उलटतो.

ग्रामीण महाविद्यालयांतून गेलेल्या मुलांची आणखी एक अडचण असते, ती म्हणजे गप्प बसणे. इंग्रजी अडखळते म्हणून गटाच्या बैठकीत तोंड उघडत नाहीत, अडले तरी तीन-तीन दिवस सांगत नाहीत. एक नियम पाळावा : अर्धा दिवस स्वतः झगडायचे, मग पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे तीन ओळी लिहून जायचे. काय होईल वाटले होते, काय झाले, काय करून पाहिले. या तीन ओळी असल्या की तोडके इंग्रजीही पुरते, मराठी-हिंदी मिसळली तरी पुरते. रोजचे काम शास्त्रज्ञापेक्षा पीएचडीच्या विद्यार्थ्याबरोबरच असते, त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात मोकळे व्हावे. आणि निकाल अपेक्षेविरुद्ध आला तर तो तसाच लिहावा. काय करून पाहिले आणि का जमले नाही, हे नीट लिहिलेला अहवाल पुढच्या विद्यार्थ्याचे दोन आठवडे वाचवतो.

निवड थोड्यांचीच होणार. उरलेल्यांनी उन्हाळा वाया घालवावा असे मुळीच नाही. भारतीय हवामान विभागाने पुण्यातून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मांडून खुला ठेवला आहे. अक्षांश ६.५ ते ३८.५ उत्तर, रेखांश ६६.५ ते १०० पूर्व, म्हणजे दर दिवशी १३५ गुणिले १२९ चौकटी. आपल्या तालुक्याची चौकट निवडावी आणि जून ते सप्टेंबरमधले पावसाचे दिवस मोजावेत; विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस, ६४.५ च्या वर गेला तर जोरदार. शंभर वर्षांत या दोन्ही संख्या कशा हलल्या, हा प्रश्न साध्या संगणकावर आठ आठवड्यांत सुटतो. चुकायच्या जागाही शिकवणाऱ्या आहेत. जिथे माहिती नाही तिथे उणे ९९९ हा आकडा असतो. तो वगळायला विसरले की सरासरी पाऊस ऋण येतो. लीप वर्षाच्या फायलीत ३६६ दिवस असतात. ते न धरता वर्षे जोडली तर पुढची सगळी मोजणी एकेक दिवसाने सरकत जाते. सर्वांत अवघड भाग असा की पर्जन्यमापक केंद्रांची संख्या या काळात बदलत गेली आहे. आकड्यांत दिसणारा बदल पावसाचा की केंद्रांच्या संख्येचा, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारला की त्याचे संशोधन सुरू झाले असे समजावे. वनस्पतिशास्त्राच्या मुलांना झाडांच्या नोंदी लोकांकडून गोळा करणाऱ्या ‘सीझनवॉच’ उपक्रमात एक झाड निवडून दर आठवड्याला त्याच्या पाना-फुला-फळांची नोंद करता येते, त्याला डोळे आणि नियमितपणा सोडून काही लागत नाही.

केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ या विज्ञान शिष्यवृत्तीच्या धारकांचा वेगळा उल्लेख करायला हवा. वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी ठेवलेले आहेत. पुष्कळ ठिकाणी ही रक्कम मिळावी म्हणून वीस पानांचा उतारा जोडून प्रमाणपत्रावर सही घेतली जाते. सही करणाऱ्या शिक्षकांनी ती करण्याआधी विद्यार्थ्याची वही मागावी, एवढीच विनंती. वहीच नसेल तर प्रकल्प झालेला नाही.

विद्यापीठांकडे आणि प्राचार्यांकडे आमच्या चार मागण्या आहेत. सम सत्राच्या परीक्षांच्या तारखा, निदान प्रात्यक्षिकांच्या, नोव्हेंबरमध्ये जाहीर व्हाव्यात आणि त्या पाळल्या जाव्यात. मान्यताप्राप्त संस्थेत केलेल्या आठ आठवड्यांच्या कामाला क्षेत्रप्रकल्प किंवा इंटर्नशिपची श्रेयांके आपोआप मिळावीत. आज त्याच कामासाठी विद्यार्थ्याला परत येऊन दुसरा नावापुरता प्रकल्प करावा लागतो. प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात एका शिक्षकावर ही जबाबदारी सोपवावी आणि त्याचे दोन तास कमी करावेत : ऑगस्टमध्ये मुदतींचा तक्ता फलकावर लावणे, सप्टेंबरमध्ये टिपणे तपासणे, ऑक्टोबरमध्ये शिफारसपत्रांचा पाठपुरावा. चौथी मागणी वर सांगितलेल्या उचल-निधीची.

चार वर्षांच्या ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. तो करणारा विद्यार्थी आणि त्याला मार्गदर्शन करणारा शिक्षक, दोघांनाही सरावाची गरज आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे उन्हाळे त्यासाठी मोकळे आहेत. या वर्षीच्या मुदती अजून गेलेल्या नाहीत. प्राचार्यांनी सोमवारी सूचना काढली तरी विद्यार्थ्यांच्या हाती टिपण लिहिण्यापुरते आणि शिक्षकांच्या हाती पत्र लिहिण्यापुरते आठवडे उरतात.

आपले,
पदवी महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र शिकवणारे काही शिक्षक